मुठीच्या मापाची पिशवी

सिस्टर पहिल्यांदा माझ्या मशीनपाशी आल्या आणि म्हणाल्या, एक पिशवी शिवून हवी आहे. मी मान वर न करताच विचारलं, चेनची की नाडीची? बाजारासाठी असेल तर जुन्या जीन्सची शिवते, वर्षानुवर्षं फाटत नाही. त्या हसल्या. स्वतःची मूठ आवळून त्यांनी माझ्यापुढं धरली.

"या मापाची. बाईच्या पोटातली."

मशीनवरचा माझा पाय थांबला तो थांबलाच.

आमच्या अवसरी बुद्रुकात गर्भाशयाला गर्भाशय कुणी म्हणत नाही. पिशवी म्हणतात. पिशवीला सूज आली, पिशवी खाली आली, पिशवी काढली. शब्द सोपा आहे, पण त्यानं घात केलाय असं सिस्टरांचं म्हणणं होतं. पिशवी म्हटलं की बाईला वाटतं, सामान आणून झालं, आता रिकामी ठेवून काय करायची? मला हे ऐकून राग आला, कारण मलाही अगदी तसंच वाटत होतं.

सिस्टरांची नर्स म्हणून सगळी नोकरी आहुप्याकडच्या डोंगरातल्या वाड्यावस्त्यांवर गेली. निवृत्त होऊन त्या आमच्या शेजारच्या पेठ गावी राहायला आल्या होत्या. घरी बसून नातवंडं खेळवावीत, असं सगळ्यांनी सांगितलं असणार, पण बाई गावोगाव फिरून बायकांच्या बैठका घ्यायच्या. पगार नाही, सत्कार नाही, गावात आल्या की आधी कुणाच्या तरी ओट्यावर बसून चहा प्यायच्या आणि मग मुद्द्याला हात घालायच्या. त्यांच्याकडं पूर्वी शरीराच्या चित्रांचे तक्ते होते. डोंगरातल्या पावसात त्या तक्त्यांना बुरशी धरली. शिवाय चित्र उघडलं की बायका पदरात तोंड घालायच्या. कापडाच्या वस्तूला मात्र कुठलीच बाई लाजत नाही, हातात घेते, उलटीसुलटी करून टाके बघते, हे सिस्टरांनी बरोबर हेरलं होतं.

मी अर्ध्या गावाचे ब्लाऊज शिवते. मापावरून माझी भांडणं होतात, कारण 'जरा सैल ठेव' म्हणणारीच न्यायला आली की 'सैल झालंय' म्हणते. पण सिस्टरांइतकं चिकित्सक गिऱ्हाईक मी पाहिलं नव्हतं. बाहेरून होजिअरीचं गुलाबी कापड घेतलं, कारण ते ताणलं गेलं पाहिजे. तोंडाला इलॅस्टिक. दोन्ही बाजूंना, ब्लाऊजच्या गळ्याला लावतो तसल्या पायपिनच्या नळ्या आणि त्यांच्या टोकांशी कापसाच्या दोन गोळ्या, ती अंडाशयं. गळा रुंद झाला म्हणून त्यांनी मला सगळं उसवायला लावलं. मी धुसफुसले, पण उसवलं.

मग म्हणाल्या, आतून लाल अस्तर लावा, पण टिचबटणांवर, म्हणजे काढता येईल. मी म्हटलं, अस्तर काढायचं कशाला, अस्तर काय काढायची वस्तू आहे?

"दर महिन्याला काढतोच की आपण. पाळी म्हणजे दुसरं काय? पोर राहिलं नाही की अस्तर उसवून पडतं, आतून नवं लागतं."

मी अर्धं आयुष्य अस्तरं लावण्यात घालवलं. पाळीला मात्र घाण म्हणत आले, पोरीलाही तेच शिकवलं. अस्तराला कुणी घाण म्हणतं का? त्या दिवशी मी ते लाल अस्तर इतकं नीट बसवलं की नवरीच्या ब्लाऊजलाही कधी बसवलं नसेल.

या पिशवीत माझा जीव अडकायला आणखी एक कारण होतं. माझ्या थोरल्या जाऊबाईंची पिशवी काढायचं घरात ठरलं होतं. वय तरी काय होतं त्यांचं, धाकटा पोरगा अजून अंगणवाडीत जात होता. कंबर दुखायची, अंगावरून पांढरं जायचं, कधी लाल जास्त जायचं. सगळं अंगावर काढत राहिल्या आणि सोसवेना तेव्हा एका खाजगी डॉक्टरला दाखवलं. त्यानं पोट दाबून बघितलं आणि सांगितलं, पिशवीला सूज आहे, पुढं कॅन्सर व्हायचा, काढूनच टाका. झालं. कांदाकाढणीच्या आधी उरकून घेऊ म्हणजे काढणीला ती हिंडती-फिरती होईल, असा हिशेब आत्यांनी घातला. आमच्या सासूबाईंना आम्ही आत्या म्हणतो. घरात त्यांचा शब्द शेवटचा. कुणी का-कू केलं की त्या म्हणायच्या, मी न्हाई काढली? काय झालं मला?

काय झालं ते आम्हाला रोज दिसत होतं. ऐन थंडीतही भर दुपारी डोक्यावर तांब्याभर पाणी ओतून घ्यायच्या, म्हणायच्या अंगातून वाफा निघतात. गुडघे आणि कंबर तर कायमची धरलेली. पण हे त्यांच्यापुढं बोलणार कोण? मी धाकटी सून, जिभेनं तिखट असले तरी तिथं माझंही तोंड बंद. जाऊबाई माझ्याशेजारी बसून ब्लाऊजांना हुका लावायच्या. एकदा खाली मान घालूनच म्हणाल्या, "मला लई भ्या वाटतं गं. पण इचारलं कुणी मला?" मला इतकं वाईट वाटलं की हातातली कात्री मी आपटून ठेवली.

बैठक कुठं घ्यायची यावर चर्चा झाली. देवळाचा सभामंडप ऐसपैस आहे, सगळ्यांनी तोच सुचवला. सिस्टर नको म्हणाल्या. जिला पाळी आलीय ती देवळात येणार नाही, आणि बैठक तर तिच्यासाठीच आहे. इतकी साधी गोष्ट आमच्यापैकी एकीच्याही डोक्यात आली नव्हती. मग आमच्याच पडवीत ठरलं. आत्यांनी हरकत घेतली नाही, चहासाखर चांगली घालायला सांगितली, स्वतः मात्र आतल्या उंबऱ्याशी पाठ करून लसूण सोलत बसल्या. आपल्याला यात रस नाही, हे त्यांना सगळ्यांना दाखवायचं होतं.

सिस्टरांनी भाषण केलं नाही. पिशवी काढून पहिल्या बाईच्या हातात दिली. खसखस पिकली. एवढीशी? ही कुणाची, बाहुलीची? सिस्टर म्हणाल्या, आपापली मूठ आवळा आणि बघा. पडवीभर बायका मुठी आवळून बसल्या. मग त्यांनी इलॅस्टिक ताणून पोर कसं बाहेर येतं ते दाखवलं, टिचबटणं काढून अस्तर खाली पाडलं. माझ्या अस्तराकडं सगळ्या बघत होत्या आणि मला उगीच अभिमान वाटत होता.

मग त्या काढायच्या गोष्टीवर आल्या. काढू नका असं त्या म्हणाल्याच नाहीत. काही दुखण्यांत काढावीच लागते, तिथं टाळाटाळ केली तर जीव जातो. पण आधी विचारायचं, नेमकं झालंय काय? तपासणी कुठली केली? औषधानं बरं होतं का? पांढरं जाणं पुष्कळदा औषधानं थांबतं, नवऱ्यालाही गोळ्या घ्याव्या लागतात. आणि पिशवीबरोबर ही दोन अंडाशयंही काढली तर तरुण बाईचं अंग एकदम म्हातारं होतं, वाफा येतात, हाडं ठिसूळ होतात. जाऊबाई माझ्या दंडाला धरून बसल्या होत्या. उंबऱ्यावरचा लसूण सोलायचा आवाज थांबला होता.

पिशवी हातोहात फिरत उंबऱ्यापर्यंत गेली. आत्यांनी ती घेतली. तळहातावर ठेवली. बोटानं दाबून बघितली, नळ्या चाचपल्या.

"येवढीच व्हती व्हय?" त्या म्हणाल्या. कुणाला म्हणाल्या ते कळलं नाही. मग तोंड न वळवताच बोलत राहिल्या. "माझी काढली तवा ताटलीत घालून पोरांच्या बापाला दावली. मी गुंगीत. मला कुणी दावली न्हाई. मला वाटायचं, लई मोठी आसल. नायतर येवढं पोट कशाला फाडत्यात?"

मला वाटलं, आता सिस्टर काहीतरी समजावणीचं बोलतील. त्या उठल्या, आत्यांच्या शेजारी उंबऱ्यावर जाऊन बसल्या आणि त्यांच्या सुपातला लसूण सोलायला लागल्या. मला सिस्टरांचे पाय धरावेसे वाटले. अर्धं सूप संपल्यावर त्यांनी हळूच विचारलं, तेव्हापासूनच वाफा येतात का हो? आत्यांनी मान हलवली. म्हणाल्या, तेव्हा घरातले सगळे म्हणायचे, हिचं डोकं फिरलंय. सिस्टर म्हणाल्या, डोकं शाबूत आहे, बहुतेक अंडाशयंही काढली असणार, हाडांची तपासणी करून घेऊ. आत्यांनी पदरानं डोळे पुसले आणि लसणाचं नाव घेतलं.

त्यानंतरही ऑपरेशनची तारीख होती तशीच होती. मी दबकूनच होते. ऑपरेशनला जायचं त्याच्या आदल्या सकाळी भाकरी थापता थापता आत्या म्हणाल्या, आधी दुसरीकडं दाखवू. एवढंच. जाऊबाई परातीकडं बघत राहिल्या आणि मी गोठ्यात जाऊन पोटभर रडून आले.

सिस्टरांनी सांगितलेल्या सरकारी दवाखान्यात आम्ही सगळे गेलो. दीर गाडी चालवत होते. तपासण्या झाल्या, सोनोग्राफी झाली आणि आम्हाला डॉक्टरांच्या खोलीत बोलावलं. डॉक्टर चांगले होते, घाई करत नव्हते. सोनोग्राफीचा फोटो त्यांनी दिरांच्या पुढ्यात ठेवला आणि पेनानं दाखवत दिरांनाच सांगायला लागले. जंतुसंसर्ग आहे, त्यानं सूज आहे. तुम्ही दोघांनी गोळ्यांचा कोर्स पूर्ण करा, मग परत बघू. काढायचं काही कारण दिसत नाही. दीर हो हो म्हणत होते. जाऊबाई कडेच्या स्टुलावर, मांडीवर हात ठेवून बसल्या होत्या.

आत्यांनी हात लांब केला आणि टेबलावरचा फोटो दिरांच्या पुढून ओढून जाऊबाईंच्या पुढं सरकवला.

"त्यो मागनं बघंल," त्या डॉक्टरांना म्हणाल्या. "जिची हाय तिला दावा आधी."

डॉक्टरांनी खुर्ची वळवली. जाऊबाईंनी फोटो हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला, कुठूनसा उजेड पडेल असा तिरका धरला. त्या करड्या ठिपक्यांत त्यांना काय दिसत होतं कोण जाणे. मग त्यांनी, आयुष्यात पहिल्यांदाच बहुतेक, डॉक्टरला प्रश्न विचारला.

"ह्याच्यात अस्तर कुठं हाय?"