वरून टाकलेला गूळ

बाईंनी गुळाचा खडा वीतभर वरून सोडला. माझ्या सुमीनं तो ओंजळीत झेलला. शहरातून आलेल्या पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या.

"बस," बाई म्हणाल्या. सुमी बसली. वरून खडा. "हात जोड." तिनं जोडले. वरून खडा. एक खडा निसटून मातीत पडला, तो तिनं मातीसकट तोंडात घातला. पाहुणे हसले.

कुरुंदा गावातली, सत्तरच्या दशकातली ही गोष्ट. माझी पोरगी पाच वर्षांची होती. बोलायची नाही, नजर द्यायची नाही, दिवसभर ज्वारीचे दाणे ओळीनं मांडत बसायची. आता अशा लेकरांना स्वमग्न म्हणतात. तेव्हा गाव येडी म्हणायचं. बालवाडीच्या बाई शहरात नवं शास्त्र शिकून आल्या होत्या. मोठी गोष्ट बारीक तुकड्यांत शिकवायची, एक तुकडा जमला की लगेच खाऊ. पद्धत खोटी नव्हती. हाकेला वळून बघायला सुमी तिथंच शिकली. म्हणून तर मी मजुरी बुडवून तिला न्यायची. बाकीची लेकरं ओसरीवर, माझी अंगणात. आम्ही बौद्ध ना! बाई भाषणात समता बोलायच्या. काय तो टेंभा!

त्या दिवशी घरी मी ताटात भाकरी वाढली. सुमी ताटापाशी आलीच नाही. उंबऱ्याबाहेर जाऊन बसली आणि ओंजळ वर केली. स्वतःच्या आईपुढं! हातात द्यायला गेले तर तिनं हात मागं घेतला. वरून टाकली, तेव्हा खाल्ली.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझ्या सासऱ्यानं बौद्ध धर्म घेतल्यापासून वरून ओतलेलं पाणी कधी घेतलं नव्हतं. तहानलेला परत यायचा. त्याच्या नातीला जात म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं, आणि बाईंनी तिला गूळ देऊन देऊन तेच शिकवलं होतं.

दुसऱ्या दिवशी बाईंना म्हणाले, "बाई, खडा तिच्या हातात द्या."

"अगं, ही शास्त्रीय पद्धत आहे. तुला नाही कळायचं."

"मंग वरून काहून टाकता? हे कोणत्या शास्त्रात हाय?"

बाईंनी नाक मुरडलं. "मी नाही गं मानत. सासूबाईंचं सोवळं असतं. आणि माझ्याशिवाय हिला शिकवणार कोण?"

हे मात्र खरं होतं. पंचक्रोशीत दुसरं कुणी नव्हतं. मी उठले तर पोरगी कदाचित कधीच बोलणार नव्हती. बाईंना ते पक्कं ठाऊक, म्हणून तो तोरा. सासूच्या सोवळ्याआड लपणारी सुधारक! असल्या शिकलेल्यांची मला किळस येते.

"ऱ्हाऊ द्या. तुमाला तकलीफ नको," मी म्हणाले आणि सुमीला कडेवर घेतलं.

घरी रोज तिला भाकरी देताना मी हात थोडा थोडा खाली आणला. ती किंचाळायची, चावायची. मी रडायची. शेवटी एकदा तिनं माझ्या तळहातावरचा तुकडा उचलला.

पुढं बाईंनी मदतनिसाकडून निरोप धाडला, "नवे पाहुणे येऊन राहिले, पोरीला घेऊन ये."

"सांग त्यांना," मी म्हणाले, "शिकवायचं तर वस्तीत या. तिच्याजवळ बसा, तिच्या हातात द्या. न्हाई जमत तर शास्त्र चुलीत घाला."

बाई आल्या नाहीत. सुमी आजही बोलत नाही. त्याचं मला दुःख आहे, पस्तावा नाही. मुकी राहील, पण कुणाच्या पायापाशी ओंजळ धरून बसणार नाही. मी आहे तोवर नाही, आणि मी गेल्यावरही नाही.