किटलीचा डाग आणि शून्य गुण

नोंद. दिनांक २१ ऑगस्ट २०११, रविवार. बाहिया ब्लांका येथील आपल्या प्रतिकृती मंडळाच्या वार्षिक स्पर्धेत श्री. एवारिस्तो सुबेल्दिया यांच्या शेरमन रणगाड्यास 'झीज आणि मळ' या सदरात शून्य गुण देण्यात आले. लेखी शेरा असा : 'रणगाडा पुरेसा घाण नाही.' ज्या मंडळाचे सभासद चिखल डब्यांतून विकत घेतात, त्या मंडळास हा शेरा शोभूनच दिसतो.

एवारिस्तो माध्यमिक शाळेत इतिहास शिकवतात. पंच्याऐंशी साली अर्जेंटिनाच्या सक्तीच्या लष्करी सेवेत जो रणगाडा त्यांनी वर्षभर घासला, तोच त्यांनी पस्तीसपट लहान करून घडवला. त्या रणगाड्याने युद्ध कधी पाहिले नाही. पाहिला तो फक्त सार्जंट. बोटाला पांढरा रुमाल गुंडाळून सार्जंट चाकांच्या मागून हात फिरवी, आणि रुमाल काळा निघाला की सगळ्यांची रविवारची सुट्टी बुडे. तेव्हा चिखल लागणार कुठून?

झीज मात्र होती, आणि ती माणसांची होती. चालकाच्या झाकणाची कड बुटांनी खरवडलेली. तिथे एवारिस्तोंनी स्पंजाने रंग टिपला आणि वरून पेन्सिलीचे शिसे घासून धातूची चमक आणली. पुढच्या डाव्या पत्र्यावर मंडळी माते नावाचा कडू चहा पीत बसत. तेवढाच भाग त्यांनी सुती चिंधीने चोळून चोळून गुळगुळीत केला. आणि बुरुजाच्या छतावर एक बारीक तपकिरी कडे. केसलर नावाच्या गड्याने एकदा स्टोव्हवरची तापलेली किटली थेट तिथे टेकवली होती. तो डाग रॉकेलनेही गेला नाही. एवारिस्तोंनी तो पेनाच्या नळीचे टोक रंगात बुडवून उमटवला.

शनिवारी परीक्षक डॉक्टर ओत्ताव्हियानो भिंग घेऊन आले. हे दातांचे डॉक्टर. यांचा स्वतःचा रणगाडा चिखलात इतका बुडालेला, की तो कोणत्या देशाचा हे पाटी वाचल्यावर कळते.

"काय रे एवारिस्तो, आत्ता दुकानातून काढलास की काय?"

"डॉक्टर, तो असाच होता."

"आणि छतावर रंगाचा थेंब पसरलाय तो?"

"किटलीचा डाग आहे."

"किटलीचा!" डॉक्टर कळवळले. "बाबा रे, नियम सातवा वाच. युद्धातल्या वापराच्या खुणा. उद्या मला शून्य द्यावं लागेल, आणि शून्यवाल्याला मधलं टेबल नाही. घरी ने, चिखल मार. ही घे माझी डबी. रशियन चिखल आहे, छान बसतो."

एवारिस्तोंचा जीव त्या मधल्या टेबलात अडकला होता. केसलर आणि पातो हे जुने सोबती रविवारी खास सुआरेस गावाहून येणार होते. घरी येऊन त्यांनी डबी उघडली आणि ब्रश बुडवला, तोच पत्नी नेल्बा डोकावली.

"हे काय?"

"चिखल."

"कुठला?"

"रशियाचा."

"आणि तू रशियाला कधी गेला होतास?"

"अगं, मी त्यांना फोनवर सांगून बसलोय, मधल्या टेबलावर, अगदी दिव्याखाली."

"लग्न झाल्यापासून ऐकतेय, आमचा रणगाडा ताटासारखा लख्ख! आता त्यावर रशिया ओतणार? सार्जंट रुमाल घेऊन थडग्यातून उठेल."

एवारिस्तोंना हसू आवरेना. त्यांनी ब्रश धुतला.

रविवारी शून्य मिळाले. रणगाडा मागे, स्वयंपाकघराच्या दाराशी, खिम्याच्या करंज्यांच्या, म्हणजे एम्पानादांच्या, परातीशेजारी गेला. दुपारी केसलर आणि पातो आले.

"काय रे सुकड्या! मधलं टेबल म्हणाला होतास ना?" केसलरने विचारले.

"हलवलं." एवारिस्तोंची मान खाली.

"बरं झालं, इथे खायला आहे," पातो म्हणाला.

केसलरने चष्मा लावला आणि वाकला. तोंडाकडे निघालेली एम्पानादा वाटेतच थांबली.

"पातो... माझी किटली."

"तुझीच, गाढवा! तिच्यापायी माझे रविवार गेले. माझी मैत्रीण दुसऱ्याबरोबर नाचायला गेली!"

"ठाऊक आहे. तिने आभार मानले होते माझे."

मग पत्र्यावरचा गुळगुळीत भाग कोणाच्या बुडाने झाला, यावर दोघांची जुंपली. मागे एम्पानादांची रांग खोळंबली, पण कुरकूर करायचे सोडून लोक माना उंचावून पाहू लागले. डॉक्टरही आले. बराच वेळ भिंगातून ते कडे न्याहाळून म्हणाले, "सुरेख जमलंय." आणि मग, "पण नियम तो नियम."

एवारिस्तो त्या दिवशी शिट्टी वाजवत घरी गेले. शून्य मात्र अजून कायम आहे, आणि त्या शून्यामुळे नोव्हेंबरच्या प्रांतिक प्रदर्शनातही हा रणगाडा मागेच राहील.

सभासदहो, ३ सप्टेंबरला सर्वसाधारण सभा आहे. नियम सातमधून युद्धाची अट काढून टाकण्याचा ठराव मांडला जाईल. सभेला या, आणि ठरावाच्या बाजूने हात वर करा.