डागाला कडा असते

नात पुण्याला कृष्णविवरांवर पीएच.डी. करते. गेल्या दिवाळीत ती आष्टीला घरी आली ती लॅपटॉप आणि उतरलेलं तोंड घेऊन. सोमवारी तिला प्रबंधातलं शेवटचं प्रकरण तिच्या सरांना पाठवायचं होतं आणि एक निरीक्षण घशात काट्यासारखं अडकलं होतं.

मी दुपारची शेंगा फोडत बसले होते. म्हटलं, "मला सांग की. मी पण एक्स-रेवालीच हाय."

"आजी, तुझे एक्स-रे छातीचे. माझे आभाळातले."

"किरण तेच ना? मग सांग."

तिनं शेंगांचाच पसारा मांडून दाखवला. एक तारा, एक कृष्णविवर, दोघं एकमेकांभोवती फिरणारे. विवर ताऱ्याचा वायू ओढून घेतं. तो सरळ आत पडत नाही. चकतीसारखा गरगरतो, घासतो, तापतो, आणि त्यातून एक्स-रे बाहेर पडतात. चकती जोरात असली की मऊ, म्हणजे कमी ताकदीचे, किरण जास्त. चकती मागे सरली की विवराजवळचा विरळ, भयंकर तापलेला वायू पुढे येतो, तेव्हा कठीण, म्हणजे मोठ्या ताकदीचे, किरण जास्त. मऊ किती आणि कठीण किती, यावरून आत काय चाललंय ते ओळखायचं.

"म्हणजे कोयताच की," मी म्हटलं. आमच्याकडे ऊसतोडीला जाणाऱ्या नवरा-बायकोला मिळून एक कोयता म्हणतात. "एक ओढतो, दुसरी झिजते."

ती हसली, पण अर्धवटच. तिची सगळी निरीक्षणं मऊ अवस्थेतली होती आणि अख्खं प्रकरण त्यावरच उभं होतं. फक्त एका दिवशी आलेखाच्या रेघेत कठीण किरणांचा उंचवटा दिसत होता.

"यंत्राचा दोष असेल. गाळून टाकते. ठेवलं तर प्रकरण परत लिहावं लागेल, सहा महिने जातील."

माझा हात शेंगांवरच थांबला.

तरुणपणी मी इथल्याच एका खासगी दवाखान्यात एक्स-रे काढायची. आता तिथं मोबाईलचं दुकान हाय. सहा महिन्यांचं प्रशिक्षण काय घेतलं, पांढरा कोट घालून भाजी आणायला जायची मी! लोक 'डॉक्टरीणबाई' म्हणायचे आणि मी मान हलवायची. अक्कल मात्र बेताची. अंधाऱ्या खोलीत फिल्म धुवायच्या फिक्सर औषधाचे ओले हात तसेच नव्या फिल्मला लावायची. मग फिल्मवर पांढरे डाग उमटायचे आणि डॉक्टरांची बोलणी बसायची.

अशाच एका दिवाळीनंतर ऊसतोडीला निघालेली एक बाई खोकत आली. माझ्याच वयाची. डॉक्टरांनी छातीचा फोटो काढायला सांगितलं आणि ते जेवायला गेले. मी फोटो काढला, फिल्म धुतली. पाहते तर उजव्या बाजूला वर पांढरट ठिपका. काळजात धस्स झालं, ते तिच्यासाठी न्हाई, माझ्यासाठी. परत डाग पाडला! परत बोलणी! दुसरा फोटो काढावा तर तेवढ्यात वीज गेलती.

बाहेर ती उंबऱ्यात उभी. "बाई, फोटो आला का? मुकादम बोंबलायलाय, ट्रॅक्टर निघायलाय."

"फिल्म खराब झाली. उद्या या."

"उद्या आमी कुठं, बाई!"

तिनं पदर तोंडाला लावला आणि गेली. डॉक्टर येईपर्यंत तिला थांबवता आलं असतं. पण मग ती फिल्म दाखवावी लागली असती.

फिल्म लपवायचीही अक्कल नव्हती मला. सुकायला चिमट्याला टांगलेली तशीच राहिली आणि संध्याकाळी डॉक्टरांच्या नजरेला पडली.

"ही बाई कुठंय?"

"गेली. तो डाग माझ्या हाताचा हाय, डॉक्टर."

त्यांनी फिल्म उजेडासमोर धरली. आवाजही चढवला नाही. "डागाला कडा असते, बाई. ह्याला कडा कुठंय?"

खरंच नव्हती. ठिपका चहूकडून धुक्यासारखा विरत गेला होता. तो माझ्या हाताचा न्हाई, तिच्या फुफ्फुसातला होता. डॉक्टरांनी मुकादमाकडे निरोप धाडला. तो पोचला का, हे आजतागायत कळलं नाही.

एवढं सांगून मी नातीला विचारलं, "तुझ्या उंचवट्याला कडा हाय का गं?"

तिनं लॅपटॉप जवळ ओढला. मग म्हणाली, "ज्या उपग्रहानं हे टिपलं, त्याच्यावरच दुसरं यंत्र आहे. त्याच वेळी त्याच ताऱ्याकडे बघत होतं. पहिल्याचा दोष असेल तर दुसऱ्यात दिसायला नको."

"मग बघितलं न्हाईस कावून?"

ती टरफलं गोळा करायला लागली. ते न बघणं मला ओळखीचं होतं.

दिवेलागणीला तिनं लॅपटॉप माझ्याकडे वळवला. मला त्या रेघांतलं काय कळणार? पण दोन्हीकडे एकाच जागी एकच उंचवटा होता, तेवढं दिसलं. ती अंगणात गेली आणि फोन लावला. "सर, सोमवारी नाही जमणार. ते निरीक्षण खरं आहे."

आत आल्यावर म्हणाली, "ती फिल्म कुठंय?"

दवाखाना बंद झाला तेव्हा मी ती घरी आणली होती. ट्रंकेतून काढून दिली. तिनं ती दिव्यासमोर धरली.

"पुढच्या उन्हाळ्यात परत आली असेल की ती. तू गेली नाहीस शोधायला?"

गेलते. पट्टा पडला, म्हणजे साखर कारखान्याचा हंगाम संपला, की ट्रॅक्टर परत येतात, तेव्हा रस्त्याला जाऊन उभी राहिलते, एक सोडून चार वर्षं. कोट घरी ठेवून. उतरणाऱ्या प्रत्येक बाईचं तोंड बघायची. पण खरं सांगते, तिचं तोंड माझ्या ध्यानातच नव्हतं. त्या दिवशी मी फक्त फिल्म बघितली होती.