अख्ख्या बागेत लेकरू एकच

लातूरच्या आयांनो, आत्ताच बागेतून आले आणि डोकं धरून बसलेय.

आमची स्वरा यंदा तिसरी पास झाली. उन्हाळ्याची सुट्टी लागल्यापासून घरात एकटीच भिंतीवर चेंडू मारत असते. म्हणून ठरवलं, आज ऊन उतरलं की बिल्डिंगमधली सगळी लेकरं बागेत न्यायची. डबाभर चुरमुऱ्यांचा सुशीला केला, पन्हं केलं, ग्रुपवर मेसेज टाकला.

एकही लेकरू आलं न्हाई.

दारोदार गेले. कुणी नीटच्या फाउंडेशन क्लासला, कुणी स्कॉलरशिपच्या. चौथीची लेकरं हो! शेजारच्या वहिनी म्हणल्या, "आम्ही कुठं घातलं ताई? आमच्या पोरालाच लई आवड हाय क्लासची."

शेवटी आम्ही मायलेकीच गेलो. सी-सॉच्या एका टोकाला ती, दुसऱ्याला मी. मी बसले की ती वर जाऊन लटकायची, खाली येतच नव्हती. मग मी उठायचे, परत बसायचे. वाटलं, तेवढं तरी हसेल.

वरूनच म्हणाली, "मम्मी, मला बी क्लास लाव ना. समदे तिथंच असतेत."

डबा तसाच भरलेला परत आणला.

खरं सांगा, तुमच्या लेकरांना पण क्लासची आवड अशीच लागली का?

आणि हात जोडते, उद्या संध्याकाळी तासभर कुणी आपलं लेकरू देता का? एकच द्या. सी-सॉला दोघंच लागतात.