उलटा टोचलेला दामास

शनिवारची दुपार आहे. जेवण झालंय, भांडी घासून पालथी घातली आहेत आणि उद्याच्या, रविवारच्या शब्बाथ शाळेसाठी मी चित्रांची पेटी मांडीवर घेऊन बसले आहे. मान एकदा खाली जाते, वर येते. दुसऱ्यांदा जाते ती वर येत नाही, एवढं मला कळतं.

आधी चित्रांचं सांगते, म्हणजे पुढचं नीट लक्षात येईल. आमच्या मिशनच्या देवळात मी चाळीस वर्षं दर रविवारी मुलांना शिकवते. फळ्यावर फ्लॅनेलचं कापड ताणायचं आणि चित्रांच्या पाठीलाही फ्लॅनेल लावायचं, म्हणजे चित्र कापडाला धरून राहतं. मुलांची सगळ्यांत आवडती गोष्ट अम्मियाची. सतराशे वर्षांपूर्वी रोमी सम्राटाने हुकूम काढला, की प्रत्येकाने देवतांपुढे चिमूटभर धूप टाकायचा आणि तसा दाखला घ्यायचा. अम्मिया कुंभारीण होती, ख्रिस्ती होती. तिने धूप टाकला नाही. श्रद्धेसाठी जीव देऊन ती रक्तसाक्षी झाली. तिचा भाऊ दामास घाबरला आणि त्याने धूप टाकला. गोष्ट संपली की मी प्रश्न विचारते. ज्याचं उत्तर बरोबर, त्याने दामासचं चित्र उलटं फिरवायचं, तोंड फळ्याकडे. उलटं चित्र कापडाला चिकटत नाही, म्हणून टाचणीने टोचायचं. ही पद्धत माझीच.

दोन रविवारांपूर्वी टाचणी केजियाच्या हातात आली. नऊ वर्षांची आहे. टाचणी धरून ती नुसती उभी राहिली.

"बाई, माझ्या पप्पांच्या दाखल्यावरपण ख्रिस्ती लिहिलेलं नाहीये. नोकरीसाठी. मग पप्पांनापण उलटं टोचायचं का?"

"पुढच्या रविवारी सांगते," मी म्हणाले. पुढच्या रविवारी ती आलीच नाही. उद्या ती आली तर तिला काय सांगायचं, ते मला अजून ठाऊक नाही.

तर मान खाली गेली आहे, आणि समोर कोणीतरी चिखल मळतंय.

माझी खोलीच आहे ही, पण फरशी गेली आहे आणि खाली तांबडी माती आहे. एक तरुण बाई चाकापाशी बसली आहे. कोपरापर्यंत हात चिखलाने भरलेले. मी तिला लगेच ओळखते. चित्रातल्यासारखी मात्र ती अजिबात दिसत नाही. नाक बसकं आहे आणि पुढचा एक दात अर्धा तुटलेला.

"सलाम, अम्मिया," मी म्हणते. "तू बस, बाळ, उठू नकोस."

"बाळ?" ती हसते. "मी तुझ्यापेक्षा सतराशे वर्षांनी मोठी आहे."

"मेलीस तेव्हा बाविशीची होतीस. माझी नात तेवढी आहे."

"बरं, मग राहू दे बाळ." ती चाकावरचं मडकं तारेने कापून काढते. "तू मुलांना सांगतेस, की मी हसत हसत गेले."

"मिशनच्या धड्यांच्या पुस्तिकेत तसं आहे."

"घाबरले होते मी. हसले ते खरं, पण त्या शिपायाच्या चपलेचा अंगठा तुटला होता आणि तो एका पायाने फरफटत मला नेत होता. मला ओढतोय की चपलेला, हे त्यालाच कळत नव्हतं."

मलाही हसू येतं. हसता हसता मी पाहते, तर आम्ही रांगेत उभ्या आहोत. दगडी चौथरा, त्यावर निखारे, शेजारी दाखले लिहिणारा कारकून. समोर आमच्याच देवळातला फळा आहे, पण तो आकाशाएवढा. अम्मियाच्या पुढे एक सडपातळ माणूस, कडेवर दीड वर्षाची पोर.

"हा दामास," अम्मिया म्हणते. "पोर माझी."

"तुला पोर होती? पुस्तिकेत नाही ते."

"पुस्तिकेत मडकंही नाही माझं एक."

दामासचा हात निखाऱ्यांवर जातो. चिमूट सुटते, धूर होतो. कारकून दाखला देतो. दामास मागे वळतो, पण बहिणीकडे बघत नाही.

"पोरीसाठी केलं ना त्याने?" मी विचारते. मला तसं हवं आहे. केजियाला ते सांगता येईल.

"नाही. घाबरला म्हणून केलं. उगाच त्याला शूर करू नकोस, त्यालाच ते आवडणार नाही."

"आणि तू? तू का नाही टाकलास? एवढीशी चिमूट. पदरात पोर होती."

तिच्या हातातलं मडकं आता भाजलेलं आहे. ती ते बोटाने वाजवते. खणखणीत वाजतं.

"मडकं घेताना लोक वाजवून घेतात. त्या सकाळी मला वाजवलं. मी ख्रिस्ताची आहे, एवढाच आवाज माझ्यातून निघाला. दुसरा काढून पाहिला असता तरी निघाला नसता. माझ्या पोरीला आई राहिली नाही, हे मला तेव्हाही कळत होतं. ते काही हलकं नव्हतं, बाई. पण मी पुन्हा त्या रांगेत उभी राहिले तरी तेच करीन."

हे ती इतक्या शांतपणे म्हणते, की माझ्या मनात एक जुनी भीती होती ती निघून जाते. इतकी वर्षं मी मुलांना खोटं तर सांगत नाही ना, ही ती भीती. नाही. अम्मिया खरंच मरणाला सामोरी गेली, आणि समजून-उमजून गेली.

"माझं एका सकाळीत आटोपलं," ती म्हणते. "त्याचं बघ."

आता आम्ही देवळाच्या फाटकात आहोत. कोणत्या देवळाच्या, ते कळत नाही. भिंत दगडाची आहे आणि कौलं आमची आहेत. आतून गाण्याचा आवाज येतोय. दामास पोरीला खाली उतरवतो, तिचं नाक पुसतो, तिला आत ढकलतो. स्वतः बाहेर थांबतो.

"तीन वर्षं," अम्मिया म्हणते. "धूप टाकला म्हणून मंडळीने त्याला आत घेतलं नाही. माझी हाडं त्यानेच रात्रीतून गोळा केली होती. माझी पोर त्यानेच वाढवली, तिला प्रार्थना त्यानेच शिकवली. दर रविवारी आणून सोडायचा आणि बाहेर उभा राहायचा."

मी नीट पाहते. दामास कडुनिंबाला टेकून उभा आहे. शेजारी मोटारसायकल आहे. त्याचं तोंड भिंतीकडे.

तो रत्नाकर आहे, केजियाचा बाप.

रत्नाकरही माझाच विद्यार्थी. हुशार होता, उत्तरं पहिल्यांदा त्याचीच यायची. दामासला त्याने स्वतःच्या हाताने किती वेळा टोचलंय. आणि आता दर रविवारी तो केजियाला फाटकापाशी सोडतो आणि उपासना सुटेपर्यंत त्या झाडाखाली थांबतो. मला वाटायचं, त्याला कंटाळा येत असेल.

"दामासला शेवटी आत कोणी घेतलं?" मी विचारते.

"तुझ्याएवढी एक म्हातारी होती. एकदा गाणं अर्ध्यावर सोडून बाहेर गेली.  त्याचा हात धरला आणि आणून आपल्या शेजारी बसवला. लोक कुजबुजले. म्हातारीला ऐकू कमी यायचं."

"मला चांगलं ऐकू येतं," मी म्हणते.

"मग ऐकूनही बसव."

तिच्या हातात आता माझं चित्र आहे, दामासचं. ती ते उजेडापुढे धरते. छातीतून बारीक बारीक कवडसे पडतात.

"ही भोकं कसली?"

"टाचणीची," मी सांगते. तिच्याकडे बघवत नाही.

ती रागवत नाही. तडा गेलेल्या मडक्याकडे कुंभार बघतो तशी बघते आणि अंगठ्यावर थोडा चिखल घेते.

साडेचार वाजले आहेत. खुर्ची माझीच, खाली फरशी आहे. पेटी मांडीवरून घसरून चित्रं इकडेतिकडे पडली आहेत. दामासचं चित्र मात्र माझ्या हातात आहे. मी ते खिडकीपुढे धरते. उजेड आरपार येत नाही. चाळीस वर्षांची सगळी भोकं तांबड्या मातीने बुजली आहेत, आणि वरून अंगठ्याच्या रेषा उमटल्या आहेत.

माती अजून ओली आहे. उद्या घंटा वाजायच्या आधी मला फाटकापाशी जायचंय. तोवर वाळावं म्हणून मी दामासला तोंड वर करून खिडकीत उन्हाला ठेवते.