नाकारलेले ब्रॅकेट

आज दुपारी चाचणीचं लढाऊ विमान आमच्या वर्कशॉपवरून गेलं. मशीन बंद करून सगळे अंगणात धावले. मी दारातच धुसफुसत उभा राहिलो. आपल्या देशाने बनवलेलं विमान, आणि त्यात आमचा एकही तुकडा नाही!

त्याच्या पंखासाठी चाळीस ब्रॅकेट आम्हीच बनवले होते. खंडेनवमीला मशीनची पूजा झाली, तेव्हा आमच्या जुन्या कारागिराने, दत्तूमामांनी, त्या तयार ब्रॅकेटांनाही ओलं कुंकू लावलं. विमान कंपनीच्या तपासणीच्या बाईंनी त्या डागांपायी सगळा माल नाकारला.

"अहो मॅडम, पुसून देतो की!"

"डाग पुसाल, शेठ. खाली धातूला काय झालंय ते कसं कळणार? पुढच्या विमानासाठी नवे बनवा."

"बरं, निम्मे तरी घ्या."

"निम्मंच विमान उडवायचं का?"

भंगारवाल्यापासून बँकेच्या साहेबापर्यंत सगळ्यांशी घासाघीस करूनच मी धंद्यात उभा राहिलो. ही बाई मात्र घासाघीस करायलाच तयार नाही. त्या रागात नवे ब्रॅकेट करायचे नाहीत म्हणून मी अडून बसलो होतो.

तेवढ्यात वर विमान एका पंखावर पार आडवं झालं. आत एक माणूस बसलेला होता. त्याला मी काय सांगणार होतो, निम्मे चांगले आहेत म्हणून?

विमान सरळ झालं.

"मामा, नवा धातू काढा. चाळीसच्या चाळीस, पहिल्यापासून."

"म्हणजे मॅडमचं बरोबर होतं म्हणा की, शेठ!"

"अजिबात नव्हतं," मी खेकसलो आणि मशीन सुरू केलं.