बाई गेल्या आणि आईंचं गाणं राहिलं

बाई गेल्या तेव्हा मी कॉलेज रोडला केकच्या दुकानात उभी होते आणि केकवर त्यांचंच नाव लिहून घेत होते. आता सांगताना हसू येतं, पण तेव्हा माझी चांगलीच भंबेरी उडाली होती.

बाई म्हणजे केवढ्या मोठ्या गायिका! त्यांना आमचा पत्ताही नव्हता, पण माझे सासरे त्यांच्याविषयी घरातल्या वडीलधाऱ्या माणसासारखं बोलायचे. "बाईंना काल बरं नव्हतं म्हणे," असं बाबा चहा पिताना म्हणाले की पाहुण्यांना वाटायचं, शेजारच्या खोलीत कोणी आजारी आहे. एकलहऱ्याच्या वीज केंद्रातून निवृत्त झाल्यावर त्यांनी जुने सहकारी गोळा करून कराओकेचा ग्रुप काढला. मोबाइलवर ट्रॅक लावायचा, हातात माइक घ्यायचा, की झालो आपण गायक. बाईंच्या वाढदिवसाला दरवर्षी जेल रोडला एक छोटा हॉल घेऊन यांचा कार्यक्रम. सेक्रेटरी बाबा, निवेदक बाबा, मुख्य गायक बाबा, आणि कोणी बेसूर झालं की डोळे वटारणारेही बाबाच.

आई, म्हणजे माझ्या सासूबाई, पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवायच्या. त्या वर्षी दिवाळीत फराळ करता करता त्या म्हणाल्या, "यंदा मीपण एक गाणं म्हणणार."

बाबांना चकलीचा ठसका लागला. "तू?"

"का? मला काय गळा नाय?"

आईंचं माहेर पिंपळगाव बसवंतचं. एरवी त्या अगदी शहरी बोलतात, पण चिडल्या की माहेर बाहेर येतं. त्यांनी निवडलेलं बाईंचं गाणंही असलं नखरेल, की नवऱ्याला कोपरखळ्या मारत मारत म्हणायचं. दिवाळीपासून आमच्या स्वयंपाकघरात दुसरं काही वाजलंच नाही. पोळी लाटताना गाणं, भाजी निवडताना गाणं. आवाज गोड, पण ट्रॅक सुरू झाला की त्यांची पहिली ओळ हमखास निसटायची, मग "अगं बाई, गेली गाडी!" म्हणून स्वतःच हसत सुटायच्या. मी कंटाळून कान धरायचे, पण खरं सांगते, त्यांना इतकं खुशीत मी लग्न होऊन आल्यापासून पाहिलं नव्हतं.

कार्यक्रम उद्यावर आला म्हणून मी केक आणायला गेले होते. हा बाईंच्या नावाचा केक हीसुद्धा बाबांचीच हौस. दुकानदार क्रीमने नाव काढत होता आणि समोरच्या टीव्हीवर बातमी आली. त्याचा हात तसाच वर राहिला.

"मॅडम, आता?"

"आता काय? वरचं शुभेच्छांचं पुसा. नाव राहू द्या."

केक घेऊन घरी आले तर बाबा सोफ्यावर बसून लहान मुलासारखे रडत होते. मलाही भरून आलं. ग्रुपवर हात जोडलेल्या चित्रांचा पाऊस पडत होता. फोनवर फोन झाले आणि ठरलं: हॉल ठरलेलाच आहे, वाढदिवसाऐवजी श्रद्धांजली करायची. फक्त दर्दभरी गाणी. बाकी सगळी रद्द.

"म्हणजे माझंपण?" आईंनी विचारलं.

"अगं, असल्या दिवशी नवऱ्याला डोळे मोडून दाखवणारं गाणं? लोक तोंडात शेण घालतील. पुढच्या वर्षी म्हण."

"बाई काय निसत्या रडल्या का जन्मभर? आणि पुढच्या वर्षाचं मला कुणी लिहून दिलंय?"

मीही मध्ये पडले. म्हटलं, बाबा, दिवाळीपासून घोकताहेत, एवढं एक होऊ द्या. तर म्हणे, तुला यातलं कळत नाही. माझं डोकंच फिरलं. मी तणतणत केक कापला आणि सगळ्यांसमोर आदळला. "श्रद्धांजलीला केक? शोभतं का?" असं म्हणत बाबांनीच गुलाबाच्या फुलाचा तुकडा उचलला. आईंनी मात्र केकला हात लावला नाही. मुकाट्याने कपाटातून काढून ठेवलेली जांभळी पैठणी परत आत ठेवली. ते मला बघवलं नाही.

कार्यक्रमाच्या दिवशी त्या साध्या पांढऱ्या साडीत पहिल्या रांगेत बसल्या. फ्लेक्सवर शुभेच्छांच्या जागी कागद चिकटवला होता, पण फोटो तोच, बाई दिलखुलास हसताहेत. आणि खाली एकामागून एक विरहाची गाणी! कोणाचा प्रियकर परदेशी, कोणाचं नशीब फुटकं. तासाभरात हॉल असा मरगळला की माझ्या शेजारच्या काकू चक्क घोरायला लागल्या. शेवटी दोन मिनिटं स्तब्धता झाली. बाबांनी डोळे पुसले आणि आभार मानले. लोक उठून चपला शोधायला लागले.

तेवढ्यात आई उभ्या राहिल्या. "अहो, माझं गाणं राहिलंय."

बाबा गडबडले. हातातला माइक चालू आहे याचं भान नाही. "अगं, आज नको. आपण घरी बोलू ना," हे सगळ्या हॉलने ऐकलं. मागून खसखस पिकली.

"घरी लय बोलले मी. आता गायचंय."

त्या सरळ पायऱ्या चढून वर गेल्या आणि पदर खोचला. ट्रॅक लावणाऱ्या काकांनी एकदा बाबांकडे पाहिलं, एकदा आईंकडे, आणि आईंना भिऊन लावला. पहिली ओळ गेलीच! पण दुसरी ओळ आईंनी अशी पकडली, आणि बाबांकडे बोट करून अशी काही मुरडली, की उठलेले लोक जिथे होते तिथेच खाली बसले. काकू जाग्या झाल्या. टाळ्यांचा ठेका धरला गेला. आई गात होत्या, मध्येच हसत होत्या, घाम पुसत होत्या. आणि मी वेडी, अशा गाण्याला ढसाढसा रडत होते. वाटलं, बाईंना आज कोणी खरं ओळखलं असेल तर या बाईने.

गाणं संपलं. बाबा स्टेजच्या कोपऱ्यात खुर्चीवर मान खाली घालून बसलेले. आता हे काय बोलणार म्हणून सगळा हॉल त्यांच्याकडे बघायला लागला. चाळीस वर्षांच्या संसारात या माणसाने आमटीलासुद्धा कधी बरी म्हटलेलं नाही.

"वन्स मोअर," ते पुटपुटले.

"ऐकू नाही आलं," आई म्हणाल्या.

बाबा खुर्ची सोडून उभे राहिले, माइक बाजूला ठेवला आणि बेंबीच्या देठापासून ओरडले, "वन्स मोअर!"